नखेमास्तरांचं नख

त्यांना सगळे नखेमास्तर म्हणत. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी एकतीस वर्षं वाढवून, कानशीने घासून ठेवलं होतं. विमानाचे भाग बनवणाऱ्या त्यांच्या कारखान्यात थ्रीडी प्रिंटरवर छापून आलेला टायटॅनियमचा ब्रॅकेट दाणेदार, खरखरीत असायचा, रवा चिकटल्यासारखा. मास्तर तो मशीनच्या हत्याराने कातून गुळगुळीत करायचे आणि मग त्यावरून नख फिरवायचे. नख अडलं की समजायचं, हत्याराची धार गेली. बाकीचे कारागीर नग मोजून धार बदलत. मास्तर हसायचे, "मोजतो तो ज्याला कळत नाही."

"माझ्यापेक्षा त्या नखाची काळजी जास्त," बायको म्हणायची. पण गेले चार महिने ती हे म्हणत नव्हती. सकाळी शर्टाची बटणं तीच लावायची. एप्रनची गाठही तीच मारून द्यायची, म्हणजे कामावर कुणाला दिसायला नको.

"आज तरी डॉक्टरकडे चला."

"जातो की! तो लिहून देईल, बोटं बधिर, आणि हे लोक मला हार घालून घरी पाठवतील."

"मग घरी बसा. मी काय खाते का तुम्हाला?"

"घरी बसून मी कोण असेन गं?"

तिने एप्रनची गाठ जरा जास्तच घट्ट आवळली.

दुपारी तपासणीच्या बाईंनी सहा ब्रॅकेट ट्रेमध्ये मांडले. विमानाच्या चाकाजवळ बसणारे. एकेकावरून यंत्राची सुई फिरवली. पास, पास, सगळे पास.

"काय मास्तर! आरसे केलेत आरसे! यात बघून कुंकू लावता येईल."

मास्तर ट्रेवर वाकले. धारदार हत्याराखाली हा धातू असा चमकत नाही. हत्यार बोथट झालं, की ते कापत नाही, लिंपतं. छपाईत राहिलेली बारीक भोकं वरून बुजतात, आत तशीच राहतात. सुई वरच्यावरून जाते, तिला काय कळणार? तडा तिथूनच सुरू होतो.

ते मशीनकडे धावले. हत्याराची धार खाल्लेली होती, चांगलीच.

परत येऊन त्यांनी ब्रॅकेट उचलला. नख फिरवलं. काही नाही. पुन्हा, जोर लावून. नखाखालचं बोट कुणा परक्याचं असावं तसं गप्प. शेवटी त्यांनी ब्रॅकेट खालच्या ओठावरून ओढला.

"अगंबाई! मुका घेताय का त्याचा? वहिनींना सांगेन हं!"

ओठ अडला. बारीकसा, केसाएवढा. मग आणखी एकदा.

"बाई, हे पाठवू नका."

"का? सुई पास म्हणतेय."

"सुई खोटं बोलत नाही. तिला दिसत नाही."

बाईंनी हसू आवरलं. "बरं. सहाही बाद करू. छापायला अकरा दिवस लागले होते, साहेब फाडून खातील, पण करू. कितव्या नगापासून धार गेली?"

मास्तरांनी ब्रॅकेट ट्रेमध्ये परत ठेवला.

"मास्तर, तुम्हाला तर लगेच कळतं. कितव्या?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. एक चूक, एक दिवस, सहा नग. बाई तयारच होत्या. त्यांनी ट्रेची कड धरली. ती थंड आहे की गरम, तेही कळेना.

"कळत नाही, बाई. बोटांना काहीच कळत नाही. चार महिने झाले. नुसत्या अंदाजावर चाललंय."

बाईंनी हळूच रजिस्टर ओढलं. मागची पानं उलटली, आणखी उलटली. प्रत्येक पानावर 'पास'पुढे बाईंची स्वतःचीच सही होती.

"यातले नग विमानांत बसवलेत हो, मास्तर," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "उडताहेत."

"माहितेय."

"माहितेय? आणि तुम्ही रोज..."

बाईंनी फोन उचलला, विमान कंपनीचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. मास्तर एप्रन काढायला लागले. पाठीमागे हात नेऊन त्यांनी गाठ शोधली. बोटं कापडावरून फिरत राहिली. गाठ कुठे, सापडेना.

बाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग फोन मान आणि खांद्यात दाबून त्या उठल्या, मास्तरांच्या मागे उभ्या राहिल्या आणि घट्ट आवळलेली ती गाठ सोडवू लागल्या.

"हॅलो," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "सगळी विमानं थांबवा."