पंख्याचा वारा

माझा फोन फार तापत होता म्हणून मी तो सबनीसकाकांकडे नेला. आमच्या घरचा कॉम्प्युटर कित्येक वर्षं तेच दुरुस्त करायचे. "आपल्या डेस्कटॉपमध्ये असायचा त्याच घडणीचा प्रोसेसर आता यात आलाय," मी म्हणालो.

"मग आपलाच पेशंट," असं म्हणत त्यांनी फोन टेबलावर उभा धरला आणि डावा तळवा त्याच्या पाठीमागे नेला.

कॉम्प्युटर आला की ते आधी हेच करत. मागच्या जाळीतून पंख्याचा वारा हाताला कसा लागतो, यावरून ते दुखणं ओळखत. वारा कोमट असला तर आत धूळ साचलेली, अडखळत आला तर पंखाच निकामी होत चाललेला. मग चार स्क्रू काढून रंगाच्या ब्रशने ते सगळं साफ करत.

टेबलाखाली पेटीभर पसरलेलं ते यंत्र आता नखाएवढं होऊन खिशात आलं. येताना त्याने सगळी ताकद सोबत आणली, फक्त माणसाचा हात शिरेल एवढी जागा मागे ठेवली. काच चिकटवलेली, स्क्रू दिसत नाहीत. वस्तू लहान होत जाते तेव्हा कुणाची तरी आयुष्यभराची विद्या तिच्यात मावत नाही, आणि ती ठेवायला दुसरी जागाही नसते.

"काका, याला पंखा नसतो," मी हळूच म्हणालो.

"माहीत आहे रे," ते म्हणाले.

तळवा मात्र त्यांनी तिथून काढला नाही.