नळीत अडकलेली गोळी

नगरला छावणीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. लेकीला आणि तिचं नेमबाजीचं पिस्तूल घेऊन मी तिथे एकदाच गेले. परवाना, पावती, विचारायच्या प्रश्नांची यादी, सगळं सोबत होतं. आदल्या दिवशी सरावात एक बार फुसका निघाला होता आणि निशाण्यावर भोकच पडलं नव्हतं.

पिस्तूल रिकामं आहे याची त्याने दोनदा खात्री केली. चष्मा कपाळावर सरकवून त्याने नळीत पितळी काडी घातली. ती अर्ध्यावरच अडली. तिथे नखाने खूण धरून त्याने काडी बाहेर काढली आणि मला दाखवली.

"काडतुसात दारू कमी हुती, ताई. गोळी हितंच बसलीय. पुढचा बार केला असता तर नळी फुटली असती."

तो फुसका आवाज आल्यावर मीच मागून ओरडले होते, "वेळ चाललाय, पुढची मार!" लेक मात्र थांबली होती.

"पिस्तूल टिकेल ना?" मी कसंबसं विचारलं.

"त्याला काय हुतंय? लई दणकट हाय. नळी बदलता येती, हात न्हाई येत." मग त्याने लेकीला विचारलं, "पोरी, थांब म्हणून कुनी सांगितलं तुला?"

"आईने," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

म्हाताऱ्याने काडी खाली ठेवली आणि मला हात जोडले. मीही हात जोडले. आता त्या रस्त्याने जाताना त्याच्या दुकानाकडे बघायचं मी टाळते.