स्वच्छतेचे गुण

परंड्याला दिव्यांग मुलांच्या शिक्षकांनी बनवलेल्या साहित्याचं प्रदर्शन होतं आणि मी परीक्षक होतो. मुलांनी हाताळून शिकायचं साहित्य! म्हणूनच प्रत्येक टेबलावर पाटी होती, ‘कृपया हात लावू नये.’ थर्माकोल, चमकी, झालरी. लग्नातलं रुखवत झक मारेल असा थाट.

कोपऱ्यातल्या बाईंच्या टेबलावर मात्र पाटी नव्हती. फळीवर ताणून ठोकलेला एक जुना सदरा होता. मोठाली बटणं, उसवून पुन्हा शिवलेली काजं आणि सगळीकडं मळ. बोलता बोलता बाईंची बोटं आपसूक ती बटणं लावत-काढत होती.

मी नाक मुरडलं. “मॅडम, धुऊन तरी आणायचा!”

“दोनदा धुतला की सर. पण लेकरं रोज त्याच्यावरच बटणं लावायला शिकतेत. हात लागले की मळणारच.”

म्हणणं पटलं, पण गुणपत्रिकेत पटण्याला रकाना नव्हता, स्वच्छतेला होता. मी शून्य दिलं.

पहिलं आलेलं थर्माकोलचं घड्याळ आमच्या कार्यालयात काचेच्या कपाटात आहे. अजून नवंकोरं! एकाही लेकराचा हात लागू दिला नाही.