सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं

जनगणनेच्या घरयादीला आम्हा शिक्षकांना जुंपलं, की स्टाफरूममध्ये डबे उघडायच्या आधी किस्से उघडतात. हसता हसता जेवणावरची वासना जाते, हा भाग वेगळा.

माझा ब्लॉक मलकापुरातला. एका रिटायर्ड सुभेदारांनी माझं ओळखपत्र दोनदा उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "लिवा, आमी तीन माणसं." अंगणात दोघीजणी धुणं वाळत घालत होत्या, आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "काका, या कोण?" तर म्हणाले, "आवो, त्या सुना. आत मालकीण हाय." तिन्ही बाप्ये तेवढे मोजले होते. मी सहा लिहिले. त्यांना ते काही फारसं पटलं नाही.

आमच्या कांबळे सरांना मिरज मिळालं. हॉस्पिटलांच्या भागातली मोठी अपार्टमेंट, निम्म्या फ्लॅटना कुलूप, मालक पुण्याला. जिन्याखाली वॉचमन, बायको आणि दोन पोरं. सर तिथं वाकले, तोवर चेअरमन आले. "सर, यांना कशाला मोजताय? हे मेंबर न्हाईत." सरांनी मोजलंच. मग अॅपनं विचारलं, छत कशाचं? डोक्यावर जिना होता, म्हणून त्यांनी काँक्रीट भरलं. सरकारदरबारी ते पक्कं घर झालं.

आणि माझ्याच ब्लॉकात आलेल्या, आमच्या गल्लीतल्या यमुनाकाकी. दोन लेकांची घरं समोरासमोर, आई महिन्या-महिन्यानं वाटून घेतलेली. नियम असा, की माणूस जिथं सहा महिने राहतं तिथं मोजायचं. काकींचे सहा इकडं, सहा तिकडं.

थोरला म्हणाला, "मॅडम, आईला धाकट्याकडं लिवा." समोर गेले तर धाकटा म्हणाला, "थोरल्याकडं लिवा की." अडचण काय ते त्याच्या बायकोनं सांगितलं. "एकदा इथं नाव लागलं की कायमच्या इथंच. मग थोरलं भाऊजी पाळी करत्यात व्हय?"

असं काही नसतं म्हणून घसा फोडून सांगितलं, दोघंही ढिम्म. मला असला संताप आला! अख्खा देश मोजायला निघालोय आणि ही एक म्हातारी कुणाच्याच घरात बसेना. सुपरवायझरांना फोन लावला. "त्या आजी सांगतील तिथं लिहा आणि मोकळ्या व्हा," म्हणाले.

काकी थोरल्याच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. महिना संपत आलेला, कपड्यांची पिशवी शेजारीच होती.

"काकी, तुम्हीच सांगा, कुठं लिहू?"

त्यांनी या दाराकडं बघितलं, त्या दाराकडं बघितलं. मग मलाच विचारलं, "बाई, तुमच्या घरात किती लिवली?"

"चार. आम्ही दोघं आणि दोन मुलं."

"आन् सासू?"

"आहेत ना. लोणंदला, दिरांकडं असतात."

काकी म्हणाल्या, "आमचा थोरला बी आसंच म्हणाला."