देडतलाईचा मोह

वामन मास्तर देडतलाईकडच्याच लालबाग गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी लागण्याआधी, सन पन्नासमध्ये, त्यांनी एका मालगुजाराकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराकडे, दोन महिने काम केलं होतं. जंगलं सरकारजमा होणार असं कळल्यावर मालगुजारानं देडतलाईजवळची टेकडी घाईघाईनं तोडायला काढली. अक्षर चांगलं म्हणून तोडायच्या झाडांवर डांबरानं आकडे टाकायला वामनला नेलं.

तिथं सोजरबाई नावाची शेतकरीण त्याच्याकडे आली. मोहाच्या एका मोठ्या झाडाकडे बोट करून म्हणाली, "यावर आकडा नको टाकू, भाऊ. याच्या फुलांवर उन्हाळा निघतो आमचा."

वामननं शब्द दिला. संध्याकाळी मालगुजाराचा मुनीम म्हणाला की आजची झाडं कमी भरली. वामननं मुकाट्यानं त्या मोहावर आकडा टाकला. चार दिवसांत तो पडला.

छप्पन्न साली राज्यांची फेररचना होऊन नवं राज्य झालं तेव्हा शाळेत प्रदर्शन भरलं. मास्तरांनी आठवणीतून तीच टेकडी रंगवली, हिरवीगार, मधोमध फुललेला मोह. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. लालबागला सासर असलेली कोकिळा नावाची बाई प्रदर्शन दाखवायला आपल्या आईला घेऊन आली. ती आई म्हणजे सोजरबाई. तिनं मास्तरांना ओळखलं नाही. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली, पदरानं डोळे टिपले आणि मास्तरांना तोंडभरून आशीर्वाद दिला. मास्तरांनी तो मान खाली घालून घेतला.

पुढच्या रविवारी चित्र कापडात गुंडाळून ते देडतलाईला गेले. अंगणात उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं आणि चित्र पुढे केलं. सोजरबाईनं ते हातात घेतलं नाही.

"मंग यात आकडा का नाही काढला?" तिनं विचारलं.

मास्तरांनी चित्र पुन्हा कापडात गुंडाळलं. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

परतीच्या बसला अजून अवकाश होता. मास्तर टेकडीखाली गेले आणि चित्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर समोर होतं ते काढू लागले. तोडलेल्या झाडांचे खुंट, उघडे दगड, पाण्यानं कापत नेलेली माती.

ती बाजू पुढे ठेवून त्यांनी ते घरात भिंतीवर लावलं. उजाड टेकडी पाहून कुणी विचारलं की त्यांची बायको निर्मला सांगायची, चित्र अर्धवट राहिलंय. मास्तर तिथून उठून आत जायचे.