डबीला लागलेला चिकटा

हवालदारानं माझी पिशवी आप्पांच्या फार्महाऊसच्या ओट्यावर उलटी केली. भाकरी घरंगळत गेली. ती बुटानं बाजूला सारून त्यानं माझी मिसरीची डबी उचलली, हुंगली आणि पंचांपुढं धरली.

"ह्या लोकांचं हेच हाय," आप्पा खुर्चीतूनच म्हणाले. "आपण इश्वासानं घरात घ्यायचं."

दहा वर्षं त्यांची फरशी पुसली. 'हे लोक' व्हायला एक डबी पुरली.

फार्महाऊस न्हावऱ्याजवळ, उसाच्या मधोमध. आदल्या दिवशी आप्पांच्या मुलाची पार्टी झाली होती. कुणीतरी तक्रार केली आणि सकाळी पोलीस आले, तेव्हा मुलगा आणि त्याचे मित्र केव्हाच पसार झालेले. मी एकटी झाडत होते. पोलीस यायच्या आधीच टेबलाखाली पत्र्याची रिकामी डबी सापडली, ती मी घेतली. रिकाम्या डब्या, बाटल्या कामवालीच्या, हे ठरलेलंच. विचारायचंही नसतं. दात घासायची मिसरी दमट होऊ नये म्हणून डबी धुतली नाही. पदरानं पुसली आणि पुडीतली मिसरी तीत ओतली. काठाला काळा चिकटा होता. मला वाटलं, बुटाचं पॉलिश.

मला अटक झाली, मग जामीन झाला. पुढं तपासणीचा रिपोर्ट आला. आत तंबाखूची पूड, काठाच्या चिकट्यात चरसाचा अंश. पंचनाम्यात वजन मात्र डबीसकट, मिसरीसकट. चरस वेगळा मोजलाच नव्हता. मोजण्याएवढा नव्हताच.

शिरूरच्या कोर्टात तारखेला आप्पांचा माणूस व्हरांड्यात भेटला. "कबूल करून टाका, मावशी. दंड आप्पा भरत्यात. तुमचं काम बी ऱ्हाईल."

शेजारी नवरा खाली मान घालून उभा. तो आप्पांच्याच उसाला पाणी द्यायचा. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मी त्या माणसाला हो म्हणाले.

सरकारनं दिलेल्या वकीलबाई दौंडच्या. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी फाईल मिटली. "डबीला काय लागलंय, माहीत होतं तुम्हाला?"

"न्हाई."

"मग कबूल काय करताय? फक्त डबी कुठून उचलली, ते कोर्टात सांगावं लागेल. जमेल?"

मला एकदम सासू आठवली. तिच्या पिढीनं दारोदारचं उष्टं मागणं सोडलं, त्यापायी गावाचा मार खाल्ला. आणि मी, सातवी शिकलेली, जयंतीला पांढरं लुगडं नेसून पुढं उभी राहणारी, त्यांच्या टेबलाखालचं वेचून खुशीत घरी नेत होते. पोलिसांचा राग आला, आप्पांचा आला. सगळ्यात जास्त माझा आला.

जज साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"न्हाई."

माझं काम त्याच दिवशी गेलं, आठवड्यात नवऱ्याचंही. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. वस्तीतलेही म्हणतात, मोठ्यांशी वैर कशाला. तारखा पडताहेत, मी एसटीनं जातेय. शिक्षा होईल का, ही धास्ती असतेच. तरी जाते.

एक दिवस माझा जबाब होईल. डबी कुणाच्या टेबलाखाली होती, पार्टी कुणाची होती, ते मी सांगणार. आप्पांच्या मुलाचं नाव घेणार, बापाच्या नावासकट. आप्पा समोर बसलेले असले, तर त्यांच्याकडं बघून घेणार.