साडभाऊंची कडी

माझ्या साडभाऊंइतका परक्या बटणाचा मान राखणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. मेहकरला त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला, तिच्यातल्या प्रत्येक बटणाला एक आतला नंबर असतो; तो हुडकला की आपला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमचं बटण परस्पर दाबू शकतो. ही विद्या त्यांनी एकट्यानं मिळवली आणि ती थेट अंगात भिनली. पाहुण्यांकडे ते पंख्याचं बटणही विचारल्याशिवाय दाबत नसत. घामानं निथळत बसत. लग्नात कुणी पाया पडलं की नाव न विचारता "तुह्या वरतं कोन?" म्हणत, म्हणजे बाप कोण; कारण नावं सारखी असतात, बटण कोणत्या खिडकीचं हे वरूनच कळतं. स्वतःच्या घरात शिरतानाही कडी वाजवत. त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, आतून ओरडायची, "या नं आता, का पत्रिका धाडू?"

मी कॉलेजात कारकून. पोरांचे परीक्षेचे फॉर्म एकामागून एक आपोआप चढायचे, पण प्रत्येकाला चौकट यायची, 'जतन करायचा?', आणि मी 'हो' दाबायचो. दिवसभर तेच. शेवटी साडभाऊंना गळ घातली. त्यांनी आपोआप 'हो' दाबणारा प्रोग्रॅम लिहून दिला, पण तो अगदी त्यांच्यावर गेला होता. चौकटीतला मजकूर आधी वाचायचा. अनोळखी वाटला की टुण्ण वाजून, मी येईपर्यंत थांबायचा. "भाऊ, दुसऱ्याच्या घरात हात घालून राह्यलो आपन. कडी वाजवाच लागते." ती कडी, म्हणजे ते वाचून थांबणं, कुठून बंद होते, हेही त्यांनी विश्वासानं दाखवलं.

प्रोग्रॅम बारीकसारीक सूचनेलाही थांबायचा. एकदा मला चारची बस गाठायची होती. तोवर फॉर्म संपावेत म्हणून मी कडी बंद केली आणि चहाला गेलो. तेवढ्यात चौकट आली, 'आधीचे सर्व फॉर्म पुसायचे?' खाली तसंच 'हो'. प्रोग्रॅमनं दाबलं.

पोरापोरींना फॉर्म भरायला पुन्हा रांगा लावाव्या लागल्या. प्राचार्य कडाडले, "कुणाचं हे खेळणं?" मी म्हणालो, "साडभाऊंचं." खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांना बोलावून सगळ्यांदेखत झापलं. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, कडी बंद तं नोती केली?"

"नाही हो."

"मंग माह्याच हातून चुकलं असंन."

त्यानंतर सात वर्षं त्यांनी प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही. दुकानात नुसत्या झेरॉक्स काढतात. आणि मी सणावारी त्यांच्या पंगतीला बसून पुरणपोळी खात आलो.

गेल्या रविवारी गेलो. दार उघडंच होतं, तरी मी कडी वाजवली.

"भाऊ, तुमी काऊन कडी वाजवून राह्यले?"

"तेव्हा कडी मीच बंद केली होती," मी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं.

मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "चालू असती, तं तो थांबला असता?"

"थांबला असता, भाऊ. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले, उठून भिंतीजवळ गेले. बटणावर बोट ठेवून, स्वतःच्या घरात, माझ्याकडे वळून पाहिलं.

"पंखा लावू?"

माझ्या तोंडून 'हो' निघेना. बोट तसंच ठेवून ते थांबून राहिले.